तिचं काही आहे का घरात?

आमच्या गल्लीत बायकांचं मंडळ आहे. यंदा संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला त्यांनी मला पुढं उभं केलं आणि म्हणाल्या, आजी, तुमचं घर एवढं मोकळं कसं असतं ते दोन शब्द सांगा. मी चौथीपर्यंत शिकलेली. भाषण कधी केलं नव्हतं. पण घराचं विचारलं तर मला बोलता येतं. मी म्हणाले, पलंगाखालून केरसुणी थेट भिंतीपर्यंत गेली पाहिजे. मध्ये अडली तर तिथं नको असलेलं काहीतरी पडलंय असं समजा. आणि तुम्ही आत्ता हे जे वाण वाटताय, प्लास्टिकच्या वाट्या आणि डबे, ते बंद करा. एकेकीच्या घरी असले चाळीस पडलेत. मी गूळ वाटते. खाल्ला की संपला.

बायका खूप हसल्या. कुणीतरी मोबाईलवर ते टिपूनही घेतलं. नातीच्या मैत्रिणी म्हणे अजून बघतात.

घर पहिल्यांदा मोकळं कसं केलं ते मी तिथं सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. ते इथं लिहिते.

माझं माहेर चाकणच्या पलीकडचं. एक खोली, माणसं नऊ. कांदा निघाला की भाव येईपर्यंत अर्धी खोली कांद्यानं भरलेली. आम्ही भावंडं त्या ढिगाशेजारी झोपायचो. रात्री कूस बदलली की दोन-चार कांदे घरंगळत अंगावर यायचे. कपड्यांना वास, केसांना वास, शाळेत पोरी नाक दाबायच्या. तेव्हाच मी ठरवलं होतं की माझं घर झालं की त्यात जमीन दिसली पाहिजे.

घर झालं ते थेरगावात, दुसरेपणावर. पहिली बायको दुसऱ्या बाळंतपणात गेलेली, मूलही गेलेलं. मागं तीन वर्षांची एक मुलगी. मी अठरा-एकोणीसची असेन. वरात दारात आली तेव्हा ती पोर चौकटीला धरून उभी होती आणि तिच्या हातात एका वाकळेचं टोक होतं. जुन्या लुगड्यांची हातानं शिवलेली गोधडी, तिला आम्ही वाकळ म्हणतो. बाकीची वाकळ मागं जमिनीवर लोळत होती. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की ही धुतली पाहिजे.

घरात सगळीकडे ती बाई होती. खुंटीवर तिचं लुगडं, कोनाड्यात तिची फणी, पत्र्याच्या ट्रंकेत तिच्या चोळ्या. आणि भांडी. तिच्या माहेरच्यांनी लग्नात बरंच पितळ दिलं होतं, आणि प्रत्येक भांड्यावर तिचं नाव घातलेलं. तांब्यानं पाणी प्यायला घेतलं की बोटाखाली तिचं नाव यायचं. हंडा कमरेवर घेतला की तिचं नाव कमरेला टोचायचं. माझ्या माहेरून मला आलेली भांडी पाच. ती कुठं ठेवायची ते सासूनं मला दाखवलं, एका कोपऱ्यात.

आमच्यात अशी रीत होती की दुसऱ्या बायकोनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. टाक म्हणजे चांदीचा बोटभर पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. सासूनं तो करून आणला आणि मला म्हणाली, "घाल. तिचा मान हाय. न्हाईतर तुला लागंल ती."

मी म्हणाले, "आत्याबाई, मी तिच्या चुलीशी बसते, तिच्या पोरीला न्हाऊ घालते. आता गळ्यातबी तिला वागवू का?"

"जीभ लय चालती तुझी."

"हातबी चालत्यात. बघा तुमी."

टाक देव्हाऱ्यात गेला. आणि मी हात चालवून दाखवले. सासू दोन वर्षांनी गेली. त्यानंतर सहा महिन्यांत मी ते घर धुऊन काढलं. लुगडी बोहारणीला दिली, एक पातेलं घेतलं. चोळ्या तिनं घेतल्या नाहीत, म्हणून त्या पोतेऱ्याला लावल्या. ट्रंक शेजारणीला दिली. पितळ सगळं मोडीत घातलं. जुनं पितळ-तांबं दुकानात तोलून द्यायचं आणि त्या बदल्यात नवीन भांडी आणायची, त्याला मोडीत घालणं म्हणतात. तेव्हा स्टील नवीन होतं. मी पिंपरीच्या बाजारातून स्टीलच्या डब्यांचा उतरता संच आणला आणि फळीवर ओळीनं लावला. त्यांच्यावर कुणाचंच नाव नव्हतं. माझंसुद्धा मी घातलं नाही.

मालकांना विचारलं होतं. ते म्हणाले, "तुझं घर हाय. तुला पायजे तसं कर." आणि शिफ्टला गेले. तेव्हा ते कंपनीत लागले होते, शेत नावाला उरलं होतं. त्या बाईबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत, मी विचारलं नाही. आज वाटतं, एकदा तरी कुणीतरी बोलायला हवं होतं. तेव्हा ते मला सोयीचं होतं.

वाकळ मी परसात जाळली. पोर रात्री तिच्यात ओलं करायची, वास जायचा नाही, धुवायला गेलं की टाके उसवायचे. मी तिला बाजारातली नवी रजई आणली, लाल फुलांची. ती तीन दिवस रडली. चौथ्या दिवशी गप्प झाली, आणि मी शेजारणीला म्हटलं, बघ, झाली सवय.

मत्सर होता का? होता. पण नुसत्या मत्सरानं माणूस एवढं काम करत नाही. मला खरंच जमीन दिसायला हवी होती. दोन्ही एकाच हातानं झालं, त्यामुळं कुठलं किती ते मला आजही वेगळं करता येत नाही.

पोरीचं मी वाईट केलं नाही, एवढं लिहिते. उपाशी ठेवलं नाही, मुलगा झाल्यावरही तिच्या ताटात कमी वाढलं नाही. दहावी केली. लग्न चाकणला चांगल्या घरात लावलं. ती मला आईच म्हणते. आठ-नऊ वर्षांची असताना गल्लीतल्या कुणी तिला सांगितलं की ही तुझी खरी आई नाही. ती घरी आली, माझ्याकडं बघत बसली आणि म्हणाली, "भूक लागली." मी भाकरी वाढली. ती खाऊन ती खेळायला गेली. मला वाटलं, शहाणी पोर आहे, विषय संपला.

पुढं जमीन गेली, जुनं घर पाडलं, तिथं तीन मजली इमारत झाली. खाली दुकानं, पहिल्या मजल्यावर आम्ही, वर भाडेकरू. नव्या घरात देव्हारा लहान केला. भंगलेल्या मूर्ती, विटलेल्या तसबिरी पवनेत सोडल्या, त्यात तो टाकही सोडला. मालक तेव्हा होते. त्यांनी पिशवी हातात घेऊन पाहिली, आत काय आहे ते त्यांना दिसलं, आणि त्यांनी ती परत माझ्या हातात दिली.

मुलगी चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत वीस वर्षं होती. तपासणीच्या टेबलावर. दिवसभर समोरून माल जाणार आणि ही चांगला-वाईट निवडणार. गेल्या वर्षी तिनं नोकरी सोडली. मुलं आपापल्या कामाला लागलेली. घरी रिकामी बसायला लागली आणि मग डोक्यात जुनं यायला लागलं.

शिमग्याच्या आधी एका रविवारी ती आली. जेवणं झाली. सून ओटा पुसत होती. मुलगी बडीशेप चघळत सहज बोलावं तसं म्हणाली, "आई, माझ्या आईचं काही हाय का घरात?"

पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

मी म्हणाले, "म्हंजे?"

"काहीबी. वाटी म्हण, फणी म्हण. माझ्या सासूनं तिच्या आजीच्या जात्या-पाट्यापासनं सगळ्या वस्तू ठिवल्यात. सुना नातवंडांना दाखवत्यात. मला कुणी विचारलं, तर माझ्याकडं दाखवायला काय न्हाई. फोटो तर नव्हताच."

तेव्हा न्हाई म्हणायचं होतं. एवढा छोटा शब्द. मी आयुष्यभर तोच बोलत आले. पण सुनेचा हात ओट्यावर थांबला होता, आणि मुलगी माझ्याकडं बघत होती, तशीच, भूक लागली म्हणाली तेव्हा बघत होती तशी. मी म्हणाले, "असंल कुठंतरी. बघते."

सुनेनं वळून माझ्याकडं पाहिलं. या घरात 'असेल कुठंतरी' असं काही नाही. दिवे गेले तरी मी सुई काढून देते, हे तिला माहीत आहे.

मुलगी मात्र एवढी खूश झाली की मला पुढं काही बोलता आलं नाही. जाताना दोनदा म्हणाली, "बघ हां नक्की. घाई न्हाई."

दुसऱ्या दिवशीपासून ती फोन करायला लागली. सापडलं का? माळ्यावर बघितलं का? माळाच नाही आमच्याकडं, मी ठेवू दिला नाही, हे ती विसरली होती.

दहा दिवसांनी मी रिक्षा करून पिंपरीला गेले. बाजारात एक भांड्यांचं दुकान आहे, मागच्या बाजूला मोडीत आलेल्या मालाचा ढीग असतो. त्यातून एक जुना पितळी तांब्या निवडला, पोचे आलेला, बुडाशी काळा. त्यावर आधीचं नाव नाही हे दोनदा बघून घेतलं. दुकानात एक तरुण मशिननं नावं घालत बसला होता. त्याला दिला.

"आजी, जुन्या तांब्यावर कशाला नाव घालताय? नवा घ्या की, चकाचक."

"तुझं काम नाव घालायचं. घाल."

"बरं. कुणाचं?"

ते नाव मी तोंडानं कधी उच्चारलं नव्हतं. त्या दुकानात उभी राहून पहिल्यांदा उच्चारलं. नीट ऐकू गेलं नाही म्हणून त्यानं परत विचारलं, तर परत उच्चारावं लागलं.

"सौ. घालू का श्रीमती?"

"सौ. घाल. सवाशीण गेली ती."

"वर गेलेल्या माणसाच्या नावाचं भांडं?" त्यानं मशिन बंद केलं. "ते तर कैलासवासी असतंय ना, आजी?"

"सौ. घाल म्हणलं ना बाबा."

घरी आणून मी दिव्याची काजळी तेलात कालवली आणि अक्षरांत भरली. वरून राखेचा हात फिरवला. आता हे लिहिताना मला लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही. तेव्हा वाटलं, काम नीट झालं. सून बाजूनं दोनदा गेली.

मुलगी आली. मी तांब्या तिच्या ओच्यात ठेवला. तिनं नाव वाचलं आणि पदर तोंडाला लावला. मी समोर बसून होते. तिनं तांब्या गालाला लावला, मग मांडीवर घेतला आणि नावावरून अंगठा फिरवला. एकदा फिरवला, आणि परत उलटा फिरवला. मग रडायची थांबली.

"आई, ह्याला बर हाय."

"काय हाय?"

"बर. धातू कापला की कडंला बारीक धार राहती. डोळ्याला दिसत न्हाई, अंगठ्याला लागती. वीस वर्सं हेच केलं मी." तिनं नखानं एक अक्षर खरवडलं. काजळी निघाली, आत पिवळंधमक पितळ. "पन्नास वर्सांचं आतनं असं नसतं. आणि त्या वेळी मशिनं कुठं होती? छिन्नीनं ठोकून टिंबं टिंबं काढायचे."

"घासलं न्हाई कुणी म्हणून असंल."

"आई."

स्वयंपाकघरात सुनेनं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

मी म्हणाले, "मंगळवारी घातलं."

मला वाटलं ती तांब्या फेकेल. ती हसली. खरंच हसली, डोळे पुसत. "अक्षर बरं काढलंय पोरानं," म्हणाली. "काजळी तू भरलीस?"

"व्हय."

"लयच पक्कं काम. आमच्या टेबलावरनं पास झालं नसतं, पण." मग हसायची थांबली. "मग तिचं काय झालं सगळं?"

मी सांगितलं. लुगडी, ट्रंक, पितळ, टाक. क्रमानं सांगितलं, कारण मला क्रम आठवत होता. वाकळेपाशी मी थांबले, तर तीच म्हणाली, "मला एक लाल फुलांची रजई आठवती. तिच्या आधी काय होतं?"

"वाकळ होती. तुझ्या आईनं शिवलेली. जाळली मी."

"मी रडले असंन."

"तीन दिवस."

ती खिडकीतून बाहेर बघत बसली. खाली कंपनीची बस हॉर्न वाजवत होती, रिक्षावाला बाजूला होत नव्हता. मग म्हणाली, "ती दिसायला कशी होती, हे तरी कुणी सांगितलं का तुला?"

"न्हाई. मी विचारलं न्हाई." आणि मग, माझ्याच तोंडून निघालं, "बारीक होती."

ती वळली. "तुला काय ठावं?"

"तिच्या चोळ्या मला दंडात बसल्या न्हाईत. मी काय तेव्हा जाड नव्हते, पण दंडात अडकल्या. आणि डावखुरी असंल. वाकळेचे टाके उलटीकडनं घातलेले होते, उसवलेले परत घालताना माझा हात चुकायचा."

"डावखुरी?" ती जवळ सरकली. तिच्या हाताकडं माझं लक्ष गेलं. ती स्वतः डावखुरी आहे. लहानपणी डाव्या हातानं जेवायला लागली की मी चापट मारायचे. "आणखी?"

"टापटिपीची होती. चोळ्यांची बटणं तुटलेली एकबी नव्हती. फणीत एक केस नव्हता."

"आणखी काय?"

मी डोक्यात शोधलं. ट्रंकेत आणखी काय होतं? एक कागदाची पुडी होती, ती मी न उघडता टाकली. एका लुगड्याच्या गाठीत काहीतरी बांधलेलं होतं, ते बोहारणीनं सोडलं का मी, आठवत नाही. भांडी किती होती सांगू शकते, त्यांवर तिच्या नावाखाली गावाचं नाव कुठलं होतं ते सांगू शकत नाही. त्या बाईच्या प्रत्येक वस्तूला हात लावलेली जिवंत माणसांत मी एकटीच उरले होते, आणि मी त्यातली एकही वस्तू बघितली नव्हती. नुसती उचलली होती.

"एवढंच," मी म्हणाले.

ती उठली. पदर खोचला, पर्स घेतली. तांब्या टेबलावरच होता. सून म्हणाली, "ताई, हे न्यायचं राहिलं." मुलगी म्हणाली, "राहू दे आईकडं. तिच्याकडं जागा लय मोकळी हाय."

दारापर्यंत गेली आणि थांबली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "बारीक होती, हे तू मला कधीबी सांगू शकली असतीस. त्याला जागा लागत नव्हती."

ती जिना उतरून गेली.

मला वाटलं आता येणार नाही, फोनही करणार नाही. चार दिवस आलाही नाही. पाचव्या दिवशी आला. कशी आहेस, जेवलीस का, असं काही नाही. म्हणाली, "आणखी काय आठवलं का?"

मी त्या रात्री आणि पुढं बऱ्याच रात्री पडल्या पडल्या डोक्यात त्या जुन्या घरातून फिरलेय. दारातून आत जाते, खुंटी, कोनाडा, चूल, ट्रंक. दोन गोष्टी मिळाल्या. तिच्या लुगड्यांत हिरवं जास्त होतं. आणि तिनं कुंकवाची वाटी तळाशी फुटलेली असूनही टाकली नव्हती, मेण लावून वापरत होती. त्या दोन मी दोन वेगवेगळ्या फोनला सांगितल्या. दोन्ही वेळा ती "बरं" म्हणाली. मेणाचं ऐकून परत विचारलं, "मेण कसलं, मधाचं?" मी म्हणाले, काळपट होतं, मधाचंच असेल. 'असेल' शब्द तोंडातून गेल्यावर मी परत बोलले, "ठावं न्हाई." तिच्याशी आता अंदाजानं बोलायचं नाही असं मी ठरवलंय.

ती अजून फोन करते, आठवड्यातून एकदा. सून म्हणते, आई, काहीतरी गोड सांगा की, कोण तपासायला जाणार आहे. मी तिला म्हटलं, तीच तपासते.

काल फोन आला होता. विचारलं. मी "न्हाई" म्हणाले. ती म्हणाली, "बरं, पुढच्या आठवड्यात करते."